तिरडीवरचा दगड

ऑयरिकने आठ-दहा माणसांना पुरेल एवढे रांधले होते. ओटच्या भाकऱ्या, उकडलेली अंडी, खारवलेले मटण, कापडात बांधलेला लोण्याचा गोळा. मे महिन्यात बेटावरच्या हाल्गेरी गावातल्या प्रत्येक घराचा पीट कापायचा एक दिवस ठरलेला असे. त्या दिवशी शेजारपाजारचे आपापली हत्यारे घेऊन माळावरच्या दलदलीत जात, काळ्या ओल्या मातीच्या विटा कापून काठावर पसरत, आणि त्या घराचे वर्षाचे सरपण संध्याकाळपर्यंत मार्गी लावत. दुसऱ्या दिवशी तीच माणसे पुढच्या घरासाठी. मजुरी नसे, जेवण असे.

दूध काढून झाले, गाय बाहेर बांधून झाली, तरी वाटेवर कुणी दिसेना.

"येतील," ऑयरिक म्हणाली. "धुकं आहे."

"धुकं कधीच उठलं, आई." तिची मुलगी शोनॅक दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. "कोणी येणार नाहीये."

"तू गेली होतीस की सगळ्यांकडे."

"गेले होते. कॅलमकाकाच्या पीटवर दिवसभर राबले. मोरॅककाकूनं सगळ्यांत शेवटी वाढलं, तेही पातेलं खरवडून. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय होणार होतं? गेली असतीस तू गिलक्राइस्टच्या दारात?"

ऑयरिकने सगळे जेवण वेताच्या पाटीत भरले, पाटी पाठीवर घेतली आणि चालायला लागली. एवढे अन्न घरी ठेवून गेली असती तर गावाला हसायला मिळाले असते. बरोबर नेले तर निदान ते दोघींच्याच पोटात जाणार होते.

माळावर वारा होता, म्हणून चिलटे कमी होती. शोनॅकने वरची गवताची साल कुदळीने काढली. मग ती लांब दांड्याचे पीट कापायचे हत्यार घेऊन काठावर उभी राहिली. हत्याराच्या पायरीवर टाच दाबायची, पाते खाली उतरले की दांडा किंचित वळवायचा, की एक काळी, लोण्यासारखी गुळगुळीत वीट सुटून येते. ऑयरिक खाली चरात उभी होती. सुटलेली वीट दोन्ही हातांत झेलायची आणि जमिनीलगत भिरकावून काठावर पसरायची, मोडू न देता. हे पुरुषांचे जोडीचे काम. वीट ओली असताना लहान मुलाएवढी जड असते. थोड्याच वेळात ऑयरिकच्या मनगटांतून कळा यायला लागल्या. चरातले पाणी बुटांत शिरून पायांची बोटे बधिर झाली होती.

हाकेच्या अंतरावर दुसऱ्या एका घराचे पीट कापणे चालू होते. भरपूर माणसे होती. मधूनमधून हसण्याचा आवाज यायचा आणि मग एकदम थांबायचा.

दुपारी कॅलम आला. ऑयरिकच्या मेलेल्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. गावाने त्याला पंच म्हणून निवडले होते. कुणाच्या किती मेंढ्या कुरणावर जायच्या इथपासून जमीनदाराच्या इस्टेटीचा कारभारी गिलक्राइस्ट याच्याशी बोलणी करण्यापर्यंत सगळे तोच पाही. हातात हत्यार नव्हते.

"वहिनी, जेवण झालं का?"

"बस. खूप उरलंय."

तो बसला नाही. "मला त्रास होत नाही असं समजू नकोस. पण लोक ऐकत नाहीत."

"लोकांना कुणी सांगितलं न यायला?"

"कुणी सांगावं लागत नाही." त्याने टोपी काढून परत घातली. "सगळी घरं गेली, वहिनी. लढाईत ज्यांचं ज्यांचं माणूस गेलं ते सगळे जाऊन आले. तूच राहिलीस. गिलक्राइस्ट म्हणतो, एक घर जरी राहिलं तरी स्मारकाचा दगड नाही, त्याला जागा नाही, काही नाही. त्याच्या दारात जायचं, मुलाचं नाव सांगायचं, हात द्यायचा. एवढंच."

"एवढंच? आणि हात देताना काय म्हणायचं?"

कॅलम चरातल्या पाण्याकडे पाहू लागला.

"सांग ना. शोनॅकलाही ऐकू दे."

"तिला माहीत आहे."

"गारादेलच्या भिंतीपलीकडे पाय टाकणार नाही, असं म्हणायचं," ऑयरिक म्हणाली. "लढाई सुरू झाली तेव्हा हाच गिलक्राइस्ट चर्चच्या दाराशी गाडीवर उभा राहून काय म्हणाला होता? तू माझ्या शेजारी होतास. जो जाईल त्याला गारादेलमध्ये जमीन. तुमच्या आज्यांना जिथून हुसकलं, तिथेच. माझा टॉरमॉड त्यावर गेला. तुझा रूअरी त्यावर गेला. आता त्याच माणसाच्या दारात जाऊन म्हणू, पोरगा गेला, जमीन नको, त्याऐवजी त्याचं नाव दगडावर कोरा?"

"जमीन तशीही मिळणार नाहीये!" कॅलमचा आवाज चढला. पलीकडच्या काठावरची माणसे वळून पाहू लागली. "तिथे मेंढ्या आहेत त्याच्या. पोलीस आहेत. तुला तुरुंगात जायचंय का या वयात? मला रूअरीचं नाव कुठेतरी बघायचंय. त्याला कबर नाही. मोरॅक रोज विचारते, दगड कधी येणार. मी तिला काय सांगू, माझी वहिनी अडून बसलीय?"

"तेच सांग. खरं आहे ते."

"काका," शोनॅक म्हणाली. ती हत्याराच्या दांड्यावर टेकून उभी होती, घामाने केस कपाळाला चिकटले होते. "हे नुसतं बोलायलाच आलात, की दहा विटा कापता?"

कॅलमने तिच्याकडे पाहिले, मग पलीकडच्या माणसांकडे पाहिले. टोपी पुढे ओढून तो निघून गेला.

दोघींनी आणखी एक रांग कापली. मग शोनॅकच म्हणाली, "तो अगदीच चूक नाही. मलाही टॉरमॉडचं नाव कुठेतरी हवंय."

"वीट दे," ऑयरिक म्हणाली.

दोघींचे पीट कापून व्हायला दहा माणसांच्या एका दिवसाच्या जागी दोन आठवडे गेले. तोवर बाकीच्यांच्या विटा वाळून उभ्या रचायला आल्या होत्या. ऑयरिकच्या अजून ओल्या, आडव्या पसरलेल्या होत्या. एका सकाळी शोनॅक त्या पालथ्या करायला गेली आणि लगेच परत आली.

"मेंढ्या गेल्यात वरून," ती म्हणाली. "कळपच्या कळप."

ऑयरिक जाऊन पाहून आली. निम्म्या विटा खुरांनी तुडवून चिखल झाल्या होत्या. माळावर मेंढ्या नेहमीच जातात, पण कापलेल्या पीटला वळसा घालून न्यायच्या हे पोरासोरांनाही कळते. चिखलात लोकर अडकली होती. तिच्यावर कॅलमच्या खुणेचा निळा रंग होता.

जे तुकडे हातात धरण्यासारखे होते ते वेचून तिने वेगळे रचले.

शनिवारी हाल्गेरीतल्या बायका दाराचा उंबरा घासत. रविवारी कामाला हात लावायचा नाही, म्हणून शनिवारी राख आणि वाळू घेऊन गुडघ्यांवर बसायचे आणि तो दगड पांढरा होईपर्यंत घासायचा. जुन्या घरांचे उंबरे मधोमध खोलगट झालेले असत, पावलांनी आणि या घासण्याने. मुलगी दहा वर्षांची झाली की हे काम तिच्याकडे येई, आणि मग मरेपर्यंत सुटत नसे.

मोरॅकचे घर गल्लीच्या पलीकडे होते. दोन्ही जावा एकाच वेळी आपापल्या दारात ओणव्या होत्या. वर्षानुवर्षे त्या याच वेळी गप्पा मारत. आता महिनाभर फक्त दगडावर वाळू घासल्याचा आवाज येई.

"मोरॅक," ऑयरिक मान वर न करता म्हणाली, "मेंढ्या तुमच्या होत्या."

"मेंढीला वाचता येत नाही, जाऊबाई. कुणाचं पीट ते तिला काय कळणार?"

"तिला हाकणाऱ्याला कळतं."

"कळतं ना." मोरॅकने बादलीत हात बुडवला. "तुडवल्यावर कसं वाटतं, तेही कळलं असेल तुला आता. आम्हाला रोज वाटतं तसं."

"मी काय तुडवलं तुझं?"

मोरॅक उठून उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत राखेने माखले होते. "रूअरी जाणार नव्हता. त्याची छाती कमजोर होती, त्याला घेतलंही नसतं. तुझा टॉरमॉड त्याला घेऊन गेला. चल, जमीन मिळेल, शेजारीशेजारी घरं बांधू. मी दारात उभी राहून ऐकलंय. त्या तुझ्या गारादेलपायी माझं पोर गेलं. आणि आता त्याच गारादेलपायी त्याचं नावही लागू देत नाहीस? तुला काय हवंय? मी तुझ्या पाया पडू?"

गल्लीतल्या इतर दारांतले घासणेही थांबले होते.

"पाया पडायची सवय गिलक्राइस्टच्या दारात झालीय तुम्हाला," ऑयरिक म्हणाली.

मोरॅकने बादली उचलली आणि सगळे गढूळ पाणी गल्ली ओलांडून ऑयरिकच्या नुकत्याच घासलेल्या उंबऱ्यावर फेकले. ऑयरिकच्या तोंडावर शिंतोडे उडाले. तिने बाहीने तोंड पुसले, वाळूची मूठ घेतली आणि उंबरा पुन्हा पहिल्यापासून घासायला सुरुवात केली.

जूनच्या शेवटी गिलक्राइस्टनेच नमते घेतले, किंवा तसे दाखवले. जमीनदार लंडनहून येणार होते. त्यांना दाखवायला स्मारक हवे होते. एका घराचे नाव वगळून दगड तयार करायचा हुकूम झाला. कॅलमने हे सांगायला स्वतः न येता पाद्रीबुवांना पाठवले.

"टॉरमॉडसाठी मी प्रार्थनेत वेगळं नाव घेईन," पाद्रीबुवा म्हणाले.

"घ्या," ऑयरिक म्हणाली. "ते फुकट आहे."

पाद्रीबुवा गेल्यावर शोनॅक चुलीपाशी बसून रडली. ती आईशी त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ऑयरिक म्हणाली, "दगड येईल त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावरच्या टेकाडावर असेल. गिलक्राइस्टसुद्धा. मी गारादेलला जाणार आहे. तुझ्या बाबांच्या आजीच्या घराच्या भिंती अजून आहेत. त्यात चूल पेटवणार, गाय चारणार. पूर्वी जमिनीवर हक्क सांगायचा तर लोक तेच करत. धूर निघाला की घर झालं."

"आणि मग?"

"मग विझवायला येतील. पेटली होती, हे तरी राहील."

"एकटी जाणार?"

"तुझं तू बघ."

दगड इस्टेटीच्या आवारात कोरून तयार झाला होता. तो गाडीने गावाच्या वेशीपर्यंत आला. पुढे टेकाडापर्यंत तो गावाने उचलून न्यायचा, असे कॅलमने ठरवले होते. त्यासाठी त्याने चर्चमधून गावाची तिरडी आणली होती: काळसर लाकडाची, दोन्ही बाजूंना दांडे, मध्ये पट्ट्या. हाल्गेरीत सगळी माणसे याच तिरडीवरून गेली होती, लढाईत मेलेले सोडून. तिरडीचे नियम सगळ्यांना पाठ होते. पुरुष दोन रांगांत चालतात, पुढची जोडी थोडे चालून मागे येते, नवी जोडी दांडे घेते, कुणीही चुकवत नाही. वाटेत तिरडी जमिनीला लागता कामा नये. एकदा निघाली की मागे वळता कामा नये. बायका गावाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत येतात, तिथे मयताला हात लावतात आणि घरी परततात.

ऑयरिक त्या भिंतीपाशी थोडी बाजूला उभी होती. पाठीवर पाटी, पाटीत तुडवलेल्या पीटचे तुकडे, हातात झाकण असलेले लोखंडी भांडे. भांड्यात निखारा होता. शोनॅक गाईला दोरीला धरून तिच्यामागे उभी होती. ती येणार की नाही हे तिने सकाळपर्यंत सांगितले नव्हते.

"आजच्या दिवशीसुद्धा सरपण?" बायकांतून मोरॅक म्हणाली. ती काळ्या कपड्यात होती. "थोडी तरी लाज ठेव."

तिरडी आली. दगड गोणपाटात गुंडाळलेला होता. वर दोरी बांधून समोरची बाजू झाकली होती, कारण ती जमीनदारांच्या हाताने उघडायची होती. पुरुषांच्या माना ताठ झाल्या होत्या, मनगटांवरच्या शिरा उभ्या राहिल्या होत्या. तिरडी दांड्यांवरच तोलून ते भिंतीपाशी थांबले. ज्यांची मुले गेली होती त्या बायका एकेक करून पुढे झाल्या. वरून गोणपाट होते, म्हणून त्या हात खालून, पट्ट्यांच्या मधून घालून दगडाला लावत होत्या.

मोरॅकने हात घातला. तो तिने लगेच काढला नाही. तिचा तळवा दगडावर पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला. मग ती वाकून तिरडीखाली पाहू लागली.

"मोरॅक," कॅलम हळूच म्हणाला. तो पुढच्या दांड्यावर होता. "पुरे. जड आहे."

"हा उंबरा आहे," मोरॅक म्हणाली.

कॅलमने दांड्यावरची पकड बदलली.

"हा कुणाच्या तरी घराचा उंबरा आहे. मधे खोल झालाय. इथे बाजूला दाराच्या खुंटाचं भोक आहे." तिने मागच्या बाईकडे पाहिले. "हात लाव. लाव ना!"

दुसऱ्या बाईने हात लावला आणि तोंडावर पदरासारखी शाल ओढली. तिसरीने लावला. प्रत्येकीचा तळवा त्या खळग्यात शनिवारी फिरतो तसा फिरला.

"कॅलम," मोरॅक म्हणाली, "गाडीवरून उतरवताना तुझी बोटं याच्याखाली होती. तुला कळलं नाही?"

कॅलमचे तोंड लाल झाले होते. दगडाच्या वजनाने की आणखी कशाने, ते सांगता आले नसते. "कळलं. वाटलं, घडवताना चूक झाली असेल."

"खोटं बोलू नकोस. गारादेलच्या घरांचे दगड त्याच्या गोठ्यात गेले, सगळ्यांना माहीत आहे. गोठ्याची पायरी काढून दिलीय त्यानं. शेणात पडलेला आपलाच उंबरा उपटून, उलटा करून, त्यावर माझ्या पोराचं नाव कोरलं. आणि तू त्यासाठी त्याच्या हातात हात दिलास."

"दिलाय ना हात! आता काय करू? मागे वळता येत नाही."

"मागे कुठे न्यायचाय?" ऑयरिक म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. गावाच्या शेवटच्या भिंतीपासून दोन वाटा फुटत होत्या. उजवीकडची टेकाडावर जात होती. तिथे खुर्च्या मांडल्या होत्या आणि काळ्या कोटातली माणसे दिसत होती. डावीकडची वाट गारादेलच्या फाटकातून जुन्या दफनभूमीकडे जात होती. गाव तिथून हुसकले गेले तरी त्यांचे मेलेले तिथेच पुरले जात. तिरडीला ते फाटक अडवायचे नाही, एवढा एक हक्क इस्टेटीने ठेवला होता. वर्षानुवर्षे हाल्गेरीची माणसे गारादेलमध्ये फक्त मेल्यावर जात होती.

"तिरडी आहे," ऑयरिक म्हणाली. "तिरडीची वाट ती आहे."

"तू बोलू नकोस," मोरॅक तिच्यावर खेकसली. "मी तुझ्याशी बोलत नाहीये." मग ती कॅलमकडे वळली. "वळव."

"मी शब्द दिलाय त्याला. हात दिलाय."

"मग तो हात धुऊन टाक नंतर. आत्ता दांडा धर."

टेकाडावरून कुणीतरी रुमाल हलवला. मागच्या जोडीतल्या एकाचे हात थरथरत होते. तिरडी एका बाजूला कलली. नियमाप्रमाणे आता नव्या जोडीने येऊन दांडे घ्यायला हवे होते. दोन्ही रांगांतले पुरुष एकमेकांकडे पाहत होते. दांडा घेतला की कुठल्या तरी वाटेने पाऊल टाकावे लागणार होते.

शोनॅकने गाईची दोरी आईच्या हातात दिली, पुढे होऊन थरथरणाऱ्या माणसाच्या हातून दांडा घेतला. बाईने तिरडीचा दांडा धरलेला हाल्गेरीत कुणी पाहिला नव्हता. रांगेतून कुणीतरी "अगं ए" म्हणाले. तेवढ्यात मोरॅकने पलीकडचा दांडा घेतला. ती बुटकी होती, तिची बाजू खाली गेली.

"उचल नीट," शोनॅक म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

कॅलम पुढच्या दांड्याशी तसाच उभा होता. त्याने एकदा टेकाडाकडे पाहिले. मग तो डावीकडे वळला.

गारादेलच्या फाटकावर गिलक्राइस्टने लिडल नावाचा मेंढपाळ ठेवला होता. तो मुख्य भूमीवरचा, मोठ्या बांध्याचा, गावकऱ्यांशी कधी न बोलणारा. पाठीवर पाटी घेतलेल्या एकट्या बाईला त्याने कुत्री सोडून परत पाठवले असते. पण वळणावरून त्याला आधी तिरडी दिसली, मग मागे काळ्या कपड्यांतल्या माणसांच्या दोन रांगा. त्याने नेहमीच्या सवयीने टोपी काढली, कुत्र्यांना दटावून बसवले आणि फाटक उघडून मान खाली घालून उभा राहिला. तिरडी आत गेली. माणसे आत गेली. शेवटी ऑयरिक गाय घेऊन गेली. तेव्हा त्याने मान वर केली.

"ए बाई! गाय कशाला?"

"मयताची आहे," ऑयरिक म्हणाली आणि थांबली नाही.

दफनभूमी खाली समुद्राजवळ होती. त्याआधी उतारावर जुन्या घरांच्या पडक्या भिंती होत्या. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या घरात पावसात मेंढ्या कोंडत. आत घोटाभर वाळलेली लेंडी होती. दाराच्या जागी नुसती फट होती, आणि तिच्या तळाशी, जिथे उंबरा असायचा तिथे, खोदलेला खड्डा. हे कॅलमच्या आजीचे घर. तो इथे कधी आत आला नव्हता.

तो खड्डा पाहून मोरॅक थांबली, आणि तिरडी तिथेच खाली ठेवली गेली. हात सुटले तशी माणसे बोटे चोळू लागली. गोणपाट सोडले. वरची बाजू नव्याने तासून गुळगुळीत केलेली होती. मधोमध नावे, त्यात रूअरीचे वरून दुसरे. सगळ्यांत वर, नावांच्या दुप्पट आकारात, जमीनदारांचे नाव आणि त्यांच्या उदारपणाचा उल्लेख. टॉरमॉडचे नाव नव्हते.

चौघांनी दगड खड्ड्याशी नेला. तो एक वीत आखूड पडला.

"आपला नाही हा," कॅलम म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

"असू दे," कुणीतरी म्हणाले.

"कुठली बाजू वर?"

कोरीव बाजू वर ठेवली तर येणारा-जाणारा नावांवर पाय देणार, आणि जमीनदाराचे उपकार रोज वाचणार. झिजलेली खोलगट बाजू वर ठेवली तर नावे मातीत जाणार. कॅलमने मोरॅककडे पाहिले. मोरॅक ऑयरिककडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात जराही मऊपणा नव्हता.

"तुला हेच हवं होतं ना," मोरॅक म्हणाली. "तुझ्याचं नाही, तर कुणाचंच नाही."

"मी हे मागितलं नव्हतं," ऑयरिक म्हणाली. "मी एकटी येणार होते. वर ठेवा नावं. तुमची आहेत."

मोरॅक दगडापाशी गुडघ्यांवर बसली. तिने रूअरीच्या नावावरून बोट फिरवले, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, आणि मग वरच्या मोठ्या अक्षरांवरून हात नेला, पण तो तिथे न टेकवताच मागे घेतला.

"उलटा करा," ती म्हणाली. "त्या माणसाचं नाव रोज बघण्यापेक्षा माझं पोर मातीत बरं. त्याच्या सोबतीला बाकीचे आहेत."

दगड उलटा बसवला. एक वीत उरलेल्या जागेत बारके दगड ठोकले. कॅलमने बुटाच्या टाचेने माती दाबली. फाटकाकडून कुत्र्यांचे भुंकणे येत होते. टेकाडावरची काळ्या कोटातली माणसे खाली उतरू लागली होती. त्यांतला एक पळत होता.

ऑयरिकने गाईची दोरी शोनॅकच्या हातात दिली आणि ती उंबरा ओलांडून आत गेली. तिने पायाने लेंडी बाजूला सारली, खालची जुनी काळी पडलेली चुलीची जागा शोधली, पाटी उतरवली आणि पीटचे तुकडे रचले. भांड्यातला निखारा मध्ये ठेवून ती फुंकू लागली. नुसताच दाट पिवळट धूर निघाला. तिला खोकला आला. तिने परत फुंकले. जाळ धरेना.

कॅलम दारात उभा होता. आत यावे की नाही हे त्याचे ठरत नव्हते.

"ओलं आहे ते," तो म्हणाला.

"मेंढ्या कुणाच्या होत्या?" ऑयरिकने वर न पाहता विचारले.

कॅलमने मागे वळून पाहिले. गिलक्राइस्ट फाटकाशी पोचला होता. तो काहीतरी ओरडत होता, शब्द कळत नव्हते. मोरॅक बाहेर तिरडीशेजारी उभी होती. तिने हातातले दगडाचे गोणपाट नवऱ्याच्या अंगावर फेकले.

"कोरडं आहे हे," ती म्हणाली. "तिच्यासाठी देत नाहीये मी."

कॅलम उंबरा ओलांडून आत आला. त्याने गोणपाटाच्या चिंध्या करून पीटखाली सारल्या, ऑयरिकच्या समोर गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात लेंडीत टेकले आणि तोंड खाली नेऊन फुंकायला लागला.